राजाच्या पाठीवरचा गुलाम

"मी चोर नाही हे आज संध्याकाळच्या आत सिद्ध करून द्याल का?"

दारात उभ्या असलेल्या तरुण बाईने अजून चपलाही काढल्या नव्हत्या. तिच्या उजव्या हाताच्या बोटांना निळा रंग लागला होता आणि तो हात ती पिशवीमागे लपवत होती.

"आधी बसा," वकीलबाई म्हणाल्या. "चोर असलात तरी खुर्ची मिळेल."

वकीलबाईंकडे वकिलीची सनद होती, पण कोर्टात त्या एकदाच उभ्या राहिल्या होत्या. समोरच्या पक्षाचा साक्षीदार खरं बोलतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी त्याला भर कोर्टात शाबासकी दिली आणि आपल्याच अशिलाचा दावा बुडवला. तेव्हापासून त्या खासगी तपास करत. त्यांचे सख्खे मामा निवृत्त झाल्यापासून त्यांची गाडी चालवत आणि न विचारता मतं देत. गाडी ते सावकाश चालवत. मतांच्या बाबतीत एवढी काळजी घेत नसत.

बाईने सांगितलं ते थोडक्यात असं. तिच्या सासूबाई खेळायचे पत्ते रंगवतात. जाणकार मंडळी त्यांना 'पत्तेवाल्या बाई' म्हणूनच ओळखतात. बावन्न पत्ते जाड पुठ्ठ्यावर हाताने रंगवायचे, मग छापखान्यात त्यांच्या प्लेटा करून कॅट छापायचे. लोक ते विकत घेतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. सासूबाईंना त्याचा राग येतो. पत्ते पिसण्यासाठी असतात, पूजण्यासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं.

आताचा कॅट बागेचा होता. प्रत्येक रंगाला एक झाड, आणि चौकटला डाळिंब, कारण डाळिंबाचा दाणाच चौकटीसारखा असतो. चार वर्षं सून सासूबाईंच्या हाताखाली काम करत होती. पत्त्यांच्या वेलबुट्टीच्या कडा तिच्या, छापताना मागे येणारी नक्षी तिची. या खेपेला डबीवर पहिल्यांदाच दोघींची नावं छापली जाणार होती.

आणि काल चौकटची राणी नाहीशी झाली.

"सकाळी बावन्न होते," सून म्हणाली. "दुपारी जेवणं झाल्यावर मी एकटीच खोलीत गेले. ब्रश धुवायचं वाडगं माझ्या हातून कलंडलं. सगळं निळं पाणी गठ्ठ्याच्या बुडात शिरलं. मी पत्ते सोडवून टिपकागदावर एकेक वाळत घातले. मोजायचं सुचलंच नाही. संध्याकाळी आईंनी मोजले तर एक्कावन्न."

"मग?"

"आई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, पाणी सांडलं की सांडवलं? उद्या संध्याकाळी छापखानेवाले न्यायला येतील, तोवर राणी जागेवर हवी. नसेल तर डबीवर तुझं नाव नाही, आणि या खोलीत तुझं पाऊलही नाही." तिने लपवलेला निळा हात पुढे केला. "ती खोली गेली तर मला दुसरं काही येत नाही हो, ताई."

"आणि नवरा काय म्हणाला?"

"म्हणाला, होईल सगळं नीट. दोन दिवस कळ काढ."

मामांनी गाडीची किल्ली उचलली. राणी गेली की डाव राजाच्या हातात जातो, असं काहीतरी ते पुटपुटले. त्याचा अर्थ त्यांनाही माहीत नसावा.

*

पत्ते रंगवायची खोली घराच्या मागच्या बाजूला होती. खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडत होतं, तरी टेबलावरचे दोन्ही दिवे लावलेले होते. भिंतीवर बारा रेखाटनं टाचलेली होती. चार राजे, चार राण्या, चार गुलाम. नुसत्या पेन्सिलीने काढलेले आणि सगळे कमरेपर्यंतच.

पत्तेवाल्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. त्यांची पाठ ताठ होती. वकीलबाईंचं कार्ड त्यांनी नाकाजवळ नेऊन वाचलं.

"सुनेने तुम्हाला आणलं, म्हणजे तिच्या बाजूने बोलणार."

"मी आजवर अशिलाच्या बाजूने बोलू शकलेले नाही," वकीलबाई म्हणाल्या. "यांना विचारा."

"खरं आहे," मामा म्हणाले. "खानदानी दुर्गुण आहे तो."

बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि विझलं. सून दाराबाहेर उभी होती. उंबरा तिने ओलांडला नव्हता, आणि बाईंनी तिला आत बोलावलंही नव्हतं.

कालचा दिवस बाईंनी नेमकेपणाने सांगितला. सकाळी सून आपल्या लहान मुलीला घेऊन दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. त्याच वेळी छापखानेवाले आले आणि त्यांनी पत्ते मोजले. बाईंच्या मुलाने त्यांना फाटकापर्यंत पोचवलं. ते गेल्यावर बाईंनी स्वतः पत्ते पुन्हा मोजले, रंगवार लावले आणि तोंडं वर करून गठ्ठा टेबलावर ठेवला. चौकटचे सगळ्यांत खाली. तेव्हा ते बावन्न होते. मग त्या आंघोळीला गेल्या. सून परतली ती जेवणाच्या वेळेला. सगळे बरोबरच जेवले, आणि त्यानंतर खोलीत गेली ती सूनच.

"गठ्ठ्याला तुमच्यानंतर आणि पाणी सांडायच्या आधी कुणी हात लावला?"

"कोण लावणार? पत्ते छापखान्यात जाईपर्यंत मी कुणाला दाखवत नाही. फोटोसुद्धा काढू देत नाही. पोरालाही नाही. कडा रंगवायला सुनेकडे देते ते कोरे पुठ्ठे, चित्र त्यावर नंतर येतं."

"हरवलेल्या राणीचं वर्णन कराल?"

"डोक्यावर दाण्यांचा मुकुट. उजव्या हातात डाळिंबाची कळी. पत्ता फिरवला की पुन्हा उजव्या हातात कळी." बाई जरा थांबल्या. "चित्राचा पत्ता कसाही धरा, तोच दिसला पाहिजे. आमच्या धंद्याचा पहिला धडा हाच."

"मग खालचं अर्धं चित्र वरच्यासारखंच हुबेहूब कसं काढता?"

बाईंनी खण उघडला. त्यात पारदर्शक कागदांचा एक गठ्ठा होता, एकेका चित्रासाठी एक कागद. वरचं अर्धं चित्र झालं की त्यावर हा कागद ठेवून पेन्सिलीने रेघा उतरवायच्या. मग पत्ता उलटा फिरवायचा, कागद कोऱ्या अर्ध्यावर ठेवायचा आणि बोथट सुईने त्याच रेघा दाबत जायचं, म्हणजे खाली ठेवलेला कार्बनसारखा ठशाचा कागद रेघा उमटवतो. सांगताना बाई प्रत्येक कागद खणातून काढून मामांच्या हातात देत होत्या. शेवटचे तीन कागद देण्याआधी त्यांचा अंगठा कागदाच्या कोपऱ्यावरून फिरला.

ते तिन्ही चौकटचे होते, आणि वरचा उजवा कोपरा कात्रीने तिरका कापलेला होता. बाकी नऊ कागदांचे चारही कोपरे शाबूत होते.

चौकटच्या राणीचा कागद वकीलबाईंनी दिव्यासमोर धरला. त्याचा वरचा डावा कोपराही गेला होता, पण तो फाटलेला होता. त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला, दोन्ही बाजूंवरून बोट फिरवलं. मग इतर कागदांवरूनही फिरवलं.

"काही सापडलं का?" मामांनी हळूच विचारलं.

"पेन्सिल एका बाजूला आहे," त्या म्हणाल्या.

ती कुठेही एकाच बाजूला असते, असं मामांना म्हणायचं होतं, पण त्यांनी हातातले कागद नीट जुळवले.

पत्ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मांडलेले होते. बदाम आणि चौकट या दोन रंगांच्या कडांना निळसर झाक आली होती आणि कोपऱ्यांतला रंग थोडा सुटला होता, तरी चेहरे वाचले होते. चौकटच्या गुलामाच्या खांद्यावर एक पोपट बसला होता. त्याचा हिरवा रंग शेपटीकडे पसरला होता. वकीलबाईंनी परवानगी घेतली आणि पत्ते एकेक करून पालथे केले. पुठ्ठ्यांच्या पाठी कोऱ्याच होत्या. त्या वाकून बराच वेळ त्या कोऱ्या पाठींकडे पाहत राहिल्या. दाराबाहेर सुनेचा श्वास ऐकू येत होता.

*

मुलगा पुढच्या खोलीत होता. विमा कंपनीत कामाला असे, काल घरूनच काम केलं होतं, आज रजा टाकली होती. तरीही ऑफिसची बॅग त्याच्या मांडीवर होती आणि दोन्ही हात बॅगेवर.

त्याने बायकोबद्दल एकही वाईट शब्द काढला नाही. ती असं करणार नाही असं दोनदा म्हणाला, पण आईचा स्वभाव, आईचं वय, असंही दोनदा म्हणाला. काल पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवून तो याच खोलीत येऊन ऑफिसच्या लोकांशी फोनवर बोलत बसला होता. मागच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. पूर्ण झालेले पत्ते त्याने कधीच पाहिले नव्हते. भिंतीवरची रेखाटनं पाहिली होती तेवढीच.

"शोधाशोध केली असेल ना तुम्ही?"

"हिने केली. घर उलथंपालथं केलं."

"तुम्ही?"

"मी… मला वाटतं ती कुठेतरी सापडेलच."

"सापडली तर आम्हाला ओळखता यायला हवी," वकीलबाई सहज म्हणाल्या. "आईंनी वर्णन सांगितलं, पण यांच्या डोक्यात ते राहत नाही."

मामा दुखावल्यासारखे छताकडे पाहू लागले.

"सोपी आहे हो," मुलगा म्हणाला. त्याला विषय बदलल्याचं हायसं वाटलं असावं. "दाण्यांचा मुकुट आहे. वरच्या राणीच्या उजव्या हातात डाळिंबाची कळी, खालच्या राणीच्या डाव्या. एकदा पाहिली की विसरायची नाही."

"ऐकलंत ना मामा?"

"ऐकलं. मुकुट आणि कळी."

बाहेर पडताना सून फाटकापाशी भेटली. तिने वकीलबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. डॉक्टरकडे किती वेळ लागला होता, एवढंच वकीलबाईंनी विचारलं. सकाळ तिथेच गेली, ती म्हणाली. दात काढायचा होता आणि मुलगी तोंड उघडायला तयार नव्हती.

"आजीवर गेली आहे," मामा म्हणाले. सून हसायला गेली आणि तिचे डोळे भरून आले.

*

छापखान्यात शाईचा आणि रॉकेलचा वास होता. दोरीवर न कापलेली मोठी पानं वाळत होती. त्यांवर पत्ते खिडक्यांसारखे ओळीने छापलेले होते. छापखानेवाले जाड भिंगाचा चष्मा कपाळावर चढवून यंत्राखाली वाकले होते. राणी हरवल्याचं त्यांना काल रात्रीच फोनवर कळलं होतं, आणि आपल्यावरही संशय येणार हे ते धरूनच बसले होते.

ते घाईघाईने बोलू लागले. हो, पूर्वी एकदा आपण बाईंच्या कॅटची स्वस्त आवृत्ती काढू या म्हणालो होतो. हो, बाई त्यावर महिनाभर बोलल्या नव्हत्या. पण काल आपण पत्त्यांची तोंडंही पाहिली नाहीत. त्यांनी टेबलावरचा एक गठ्ठा उचलला आणि कडेवर अंगठा दाबून फर्रकन सोडला. मोजायचं ते असं. पुठ्ठ्यांची जाडी सारखी आहे ना आणि बावन्न आहेत ना, एवढंच कालचं काम होतं.

"मग चित्रं कधी पाहता?"

"प्लेट करायच्या आधी. आज संध्याकाळी पत्ते घेताना तिथेच बसून चित्राचे बारा पत्ते फिरवून फिरवून पाहिले असते. ते मी कुणावर सोडत नाही. एकदा एकाचा गुलाम फिरवला की डावखुरा होत होता. कुणाच्या लक्षात आलं नाही आणि पाच हजार कॅट रद्दीत गेले. त्या चित्रकाराला नंतर कुणी काम दिलं नाही. लोक अजून हसतात." ते थांबले. "बाईंच्या कामात असं कधी निघालं नाही. निघणारही नाही. पण बघायचं म्हणजे बघायचं."

"हे त्यांच्या घरी सगळ्यांना माहीत आहे?"

"त्यांचा मुलगा लहानपणी माझ्या शेजारी बसून पत्ते फिरवायचा. त्याची नजर चांगली होती. विम्यात गेला."

परतताना मामांनी आपला निष्कर्ष सांगितला. छापखानेवाला नाही, मुलगा नाही, आई तर मुळीच नाही. म्हणजे आपलीच अशील. ते त्यांनी खरोखर वाईट वाटून सांगितलं. "पोरगी चांगली आहे गं. पण पाणी सांडलं त्या वेळी ती एकटी होती."

"पाणी सांडलं त्या वेळी राणी तिथे नव्हती," वकीलबाई म्हणाल्या. "मामा, जरा भरभर चालवा. आज पहिल्यांदाच सांगते आहे."

*

ते पोचले तेव्हा ऊन कलू लागलं होतं. छापखानेवालेही आपल्या गाडीने मागोमाग आले आणि पुढच्या खोलीत बसले. बाकी सगळे मागच्या खोलीत जमले. सून याही वेळी उंबऱ्याबाहेरच उभी होती.

"त्यांना आत येऊ द्या," वकीलबाई म्हणाल्या. "काल पत्ता त्यांनी नेलेला नाही. हे मी आधी दाखवते, मग पुढचं बोलते."

बाईंनी मान हलवली. सून आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

वकीलबाईंनी चौकटचा राजा उचलून मामांच्या हातात दिला, पालथा करून. "पाठीवर काय दिसतं?"

मामांनी पत्ता उजेडाकडे तिरका धरला. "काही नाही. म्हणजे, कोपऱ्यात हिरवट डाग आहे." मग त्यांची मान पुढे आली. "पोपट आहे. उलटा उमटलेला पोपट."

"काल सगळ्यांनी तोंडं पाहिली, पाठ कुणी पाहिली नाही. गठ्ठा तोंडं वर करून ठेवलेला होता. पाणी शिरलं, कोपऱ्यांतला रंग सुटला, आणि प्रत्येक पत्त्याचा रंग त्याच्या वरच्या पत्त्याच्या कोऱ्या पाठीला लागला. नव्व्याचे दाणे दश्शीच्या पाठीवर आहेत. दश्शीचे गुलामाच्या पाठीवर. गुलामाचा पोपट कुठे असायला हवा?"

"राणीच्या पाठीवर," सून जवळजवळ ओठांतच म्हणाली.

"तो राजाच्या पाठीवर आहे. म्हणजे पत्ते भिजले तेव्हा राजा थेट गुलामावर पडलेला होता."

"पण समजा," मामा म्हणाले, "भिजल्यावर हिने राणी काढली, आणि राजा परत ओल्या गुलामावर ठेवला तर?"

"चांगलं विचारलंत. मग राजाच्या पाठीवर आधी राणीचा रंग लागला असता आणि त्यावर गुलामाचा. दोन ठसे दिसले असते. तिथे एकच आहे, आणि स्वच्छ आहे. राणी पाण्याच्या आधीच गेली होती. तेव्हा तुमच्या सूनबाई मुलीला घेऊन दातांच्या डॉक्टरकडे होत्या, आणि तिथून आल्या त्या थेट पानावर बसल्या."

सुनेने भिंतीवरचा हात काढला. उभं राहायला आता तिला भिंत लागत नव्हती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांची बोटं टेबलाची कड घट्ट धरून होती.

"छापखानेवाले गेल्यावर तुम्ही स्वतः मोजलेत," वकीलबाई बाईंना म्हणाल्या. "तेव्हा बावन्न होते, म्हणून तेही सुटले. त्यानंतर घरात दोनच माणसं उरली. इथून पुढे मला तुमच्याबद्दल एक गोष्ट बोलावी लागेल. तुम्ही नको म्हणालात तर नाही बोलणार."

मुलाने बॅग छातीशी धरली होती.

"बोला," बाई म्हणाल्या. "कमी दिसणं ही काही चोरी नाही."

मुलाचा चेहरा पांढरा पडला. "आई, तुला…"

"त्यांना बोलू दे."

वकीलबाईंनी पारदर्शक कागद पुढे ओढले. "पहिल्या तीन रंगांच्या कागदांचे कोपरे शाबूत आहेत. चौकटपासून तुम्ही उजवा कोपरा कापायला लागलात, म्हणजे सुलटी बाजू बोटाला कळावी. नजरेवरचा भरवसा गेला की माणूस हेच करेल. युक्ती चांगली होती. पण राणीच्या कागदाचा डावा कोपराही फाटला. तो कागद पालथा पडला, तरी उजवीकडे बोटाला कोपरा गेलेलाच लागणार."

बाईंनी हात पुढे केला. कागद घेतला, दोन्ही कोपरे चाचपले. बराच वेळ चाचपत राहिल्या.

"अकरा कागदांवर सुईची चर पेन्सिलीच्या बाजूने आहे," वकीलबाई हळू आवाजात म्हणाल्या. "या एकावर मागच्या बाजूने. रेघा पालथ्या उमटल्या. वरच्या राणीच्या उजव्या हातात कळी आली, खालच्या राणीच्या डाव्या. पत्ता फिरवला की राणी डावखुरी होते. आज संध्याकाळी छापखानेवाल्यांनी तो फिरवला असता आणि त्यांना ते दिसलं असतं."

"मला दिसलं नाही," बाई म्हणाल्या.

"नाही. म्हणून तर तुम्ही आज मला दोन्हीकडे उजवा हात सांगितलात. भिंतीवर फक्त वरचं अर्धं आहे. राणीचा पुठ्ठा सुनेने पाहिला तो कोराच. छापखानेवाल्यांनी पाहिल्या त्या कडा. खालच्या राणीच्या डाव्या हातात कळी आहे हे मला या घरात एकाच माणसाने सांगितलं, आणि त्याने पूर्ण झालेला पत्ता कधी पाहिलेला नव्हता म्हणे."

मामांनी कपाळावर हात मारून घेतला. आवाज होऊ न देता.

मुलाने बॅग उघडली. दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, मऊ कापडात, चौकटची राणी होती. कुठेही चुरगळली नव्हती. त्याने ती टेबलावर ठेवली आणि एकदम बोलू लागला. काल आई आंघोळीला गेल्यावर तो सवयीने डोकावला होता. लहानपणापासून तो असाच चोरून पत्ते बघायचा. राणी फिरवली आणि कळी डाव्या हातात गेलेली त्याला दिसली. पत्ता हरवला तर छपाई पुढे ढकलली जाईल, आई नवा काढेल किंवा हिला काढायला सांगेल, कुणाला काही कळणार नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. मग दुपारी पाणी सांडलं.

"आणि मग सोपं झालं," सून म्हणाली.

"सोपं नव्हतं. मी सांगणार होतो. पण सांगायचं म्हणजे आईला सांगायचं की तुझे डोळे… चाळीस वर्षांचं नाव आहे तिचं. ते एका पत्त्यात गेलं असतं. तू समजून घेशील असं वाटलं. दोन दिवसांचा प्रश्न होता."

"रात्रभर मी तुझ्याशेजारी रडत होते. ही बॅग आपल्या पलंगाखाली होती."

त्याने उघडी बॅग बंद केली.

बाई खुर्चीवर बसल्या. पहिल्यांदाच त्यांची पाठ वाकलेली दिसली. "मोतीबिंदू आहे," त्या मुलाला म्हणाल्या. "डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय. हा कॅट संपला की शस्त्रक्रिया करायची, तारीखही घेतली आहे. तू मला विचारलं असतंस तर चार शब्दांत संपलं असतं. माझी अब्रू राखायला निघालास आणि तिची काढून दिलीस." मग त्या थांबल्या. पुढचं त्यांना जड जात होतं. "आणि मी ती घेतली. पाणी सांडवलं का, असं मी तिला विचारलं. ते तू नाही विचारलंस, मी विचारलं."

सुनेने टेबलावरची राणी उचलून दिव्याखाली धरली.

"राणी तूच काढ," बाई म्हणाल्या. "मला आता दोन्ही हात सारखेच दिसतात. डबीवर तुझं नाव आहेच. हवं तर आधी तुझं, मग माझं."

मामांनी सुटकेचा श्वास सोडला. सगळं मिटलं असं त्यांना वाटलं. वकीलबाईंनी त्यांच्या बाहीला हलकेच धरलं.

"नावाचं नंतर बघू, आई," सून म्हणाली. "बाहेर काका बसलेत. काल रात्री तुम्ही त्यांना फोन केलात तेव्हा मी इथेच होते. सुनेच्या हातून पत्ता गेला, असं तुम्ही म्हणालात. गेला म्हणजे काय, ते त्यांना बरोबर कळलं. उद्या ते छापखान्यात सगळ्यांना कळेल. मी राणी काढते. पण आधी त्यांना खरं कळू दे."

"मी सांगते," बाई उठू लागल्या.

"तुम्ही नाही." तिने नवऱ्याकडे पाहिलं. काल रात्रीपासून पहिल्यांदाच. "यांनी. काय दिसलं, काय केलं, आणि कुणाला काय बोलू दिलं, सगळं."

तो उभा राहिला. आईकडे पाहिलं. आईने मान दुसरीकडे वळवली. मग तो बाहेर गेला, दार अर्धवट उघडं टाकून.

पुढच्या खोलीत खुर्ची सरकली. छापखानेवाल्यांनी काहीतरी विचारलं. मग घसा खाकरल्याचा आवाज. सून दाराकडे पाठ करून उभी होती, पण तिची मान किंचित तिरकी होती, जशी दुसऱ्या खोलीत झोपलेल्या तापातल्या मुलाची चाहूल घेताना होते.

"काका, पत्ता सापडला," त्याचा आवाज आला. "तो मी घेतला होता."

इतकं बोलून तो थांबला. वकीलबाईंनाही वाटलं, आता पुढे येणार नाही. एवढ्यावरच भागवेल, हसून काहीतरी जोडेल.

"आणि हिच्यावर आळ आला तेव्हा मला माहीत होतं," तो म्हणाला. "मी गप्प बसलो."

सुनेने डोळे मिटले आणि उघडले. मग खुर्ची ओढून ती दिव्याखाली बसली. ठेवणीतला एक कोरा पुठ्ठा काढून पुढ्यात घेतला आणि त्यावर डावा तळवा टेकवून राणीच्या उजव्या हाताची पहिली रेघ ओढली.